चिलटांचं भारदस्त नाव

आमच्या कॉलेजात चिलटांना चिलटं म्हणायचं नाही, हे मी ठरवलं. तसा अधिकार मला कुणी दिला नव्हता. पण मराठीचा प्राध्यापक असलं की गावातल्या दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकेतल्या 'आहेर आणू नये'पर्यंत सगळं दुरुस्त करायची सवय लागते, आणि लोकही कागद पुढे करतात. अनुयानेही केला. त्याचा तिला आता पश्चात्ताप होतो. मलाही होतो, पण माझी नोकरी त्यावर अवलंबून नाही.

अनुया दांडेकर आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवते. मूळची दिवेआगरची, वाडीवाल्यांच्या घरातली. वीस सालच्या वादळाने वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या तेव्हा ती पुण्यात होती, पीएचडी झालेली, परदेशी जायच्या तयारीत. अण्णा, म्हणजे तिचे वडील, फोनवर एवढंच म्हणाले की नारळ सोळा उरलेत. ती परत आली आणि निदान जिल्ह्यात तरी राहावं म्हणून आमच्या कॉलेजात लागली. आमचं कॉलेज थळ आणि किहीमच्या मधे आहे. गच्चीवरून एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खत कारखान्याच्या चिमण्या. नॅकच्या समितीला आम्ही समुद्राच्या बाजूला चहा देतो.

दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी कॅरमबोर्ड आणि फुटलेले फुटबॉल असत, त्या खोलीत अनुयाने चिलटं पाळली. काचेच्या नळ्यांत, कापसाचे बोळे लावून, हजारोंनी. त्यांचं जेवण रावजी रांधायचा: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. रावजी थळचा कोळी, मे महिन्यात निवृत्त होणारा लॅब अटेंडंट. तो म्हणायचा, "मॅडम, माज्या घरात येवढा गूळ लागत न्हाय."

चिलटांवर ती काय करते ते आमच्यापैकी कुणालाच नीट कळलं नव्हतं. कळलं ते संस्थेच्या अध्यक्षांना. हिरामणशेठ घरत. वडील मिठागरावर मजूर, शेठचे आता बंदरावर अठरा ट्रेलर. तिच्या प्रकल्पाला शासनाचं अनुदान मिळालं, म्हणजे दारावर फलक लागणार, म्हणजे शेठची मंजुरी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो.

"मॅडम, साध्या भाषेत सांगा," शेठ म्हणाले. "माजा शिक्षण नववी."

"शेठ, माशीच्या प्रत्येक पेशीत सगळ्या अवयवांची कृती लिहिलेली असते. पायातल्या पेशीत डोळ्याचीसुद्धा. मग पायावर डोळा का उगवत नाही? कारण जिथे जे नको ती जनुकं तिथे गप्प केलेली असतात. हे काम डीएनएचेच काही छोटे तुकडे करतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. त्यांच्यावर प्रथिनं येऊन बसतात आणि शेजारच्या जनुकाला बोलू देत नाहीत. अंड्यात असताना एकदा गप्प केलं, की माशी मरेपर्यंत गप्प."

"इंग्लिशमदी काय बोलतात त्या तुकड्याला?"

"सायलेन्सर."

शेठ खुर्चीत सरळ झाले. "मंग असा सांगा ना! सायलेन्सर फाटला की गाडी बोंबलते."

"अगदी तसंच! नर माशीच्या पुढच्या पायावर केसांची एक काळी फणी असते. फक्त पुढच्या. गप्प करणारी यंत्रणा बिघडली की मधल्या पायावरही फणी येते, मागच्याही."

"सगल्या पायांना फण्या," शेठ स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाले, "आणि आमाला एकीचा उपयोग न्हाय."

अनुया इतकी हसली की प्राचार्यांनाही हसावं लागलं. मी हसलो नाही. मी फलकाचा मजकूर काढून बसलो होतो आणि माझ्या पाळीची वाट पाहत होतो. तीन दिवस खपून मी तिच्या इंग्रजी शीर्षकाचं मराठी केलं होतं: 'फळमाशीतील विकास-जनुकांचे शमन करणारा नियामक डीएनए'.

शेठनी ते ओठ हलवत वाचलं. "शमन म्हंजे?"

"थांबवणं. गप्प करणं," मी म्हणालो.

"विकास थांबवणं?"

शेठनी कागद टेबलावर ठेवला.

"सर, पुढल्या वर्षी इलेक्शन हाय. आनि माज्या संस्थेच्या दारावर लिवायचा, हितं विकास थांबवून मिळेल?"

"शेठ, हा तो विकास नाही," अनुया म्हणाली. "हा अंड्यापासून माशी होण्याचा."

"अंड्याचा आसू दे न्हायतर हायवेचा. विकास तो विकास. काडा तो शब्द."

मी काढला. 'विकास' गेला तसं 'शमन' एकटं पडलं, तेही काढलं. 'जनुक' पेंटरला लिहिता येत नाही असं प्राचार्य म्हणाले. 'नियामक' मलाच रुक्ष वाटत होतं, त्याचं 'नियंत्रण' केलं. उरलं ते असं: 'फळमाशी नियंत्रण प्रकल्प'. मला ते आवडलं. डौलदार होतं.

"सर, याचा अर्थ वेगळाच झाला," अनुया म्हणाली.

"फलकावर सगळा अर्थ मावत नाही."

"आणि मुळात ही फळमाशी नव्हेच हो. आंब्यात अळी पाडते ती फळमाशी वेगळी. ही केळ्यांवर घोंगावतात ती. चिलट लिहा ना सरळ."

"शासनाच्या अनुदानावर चिलट?" मी म्हणालो. ते मी गमतीने म्हणालो असं आता सांगतो. गमतीने म्हणालो नव्हतो.

फलक लागला. पंधरा दिवसांत किहीमचे दोन बागायतदार आंब्याला कुठलं औषध मारायचं ते विचारायला दुसऱ्या मजल्यावर चढून आले. अनुयाने त्यांना खरं सांगितलं, चहा दिला आणि खाली उतरवलं. शेठना मात्र कल्पना पटली. पुढच्या प्रत्येक भाषणात ते म्हणत, आमच्या कॉलेजात फळमाशीवर काम चालू आहे. आणि हे वाक्य खोटं आहे असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

अनुयाचं लक्ष तिकडे नव्हतं. तिचा पाच वर्षांच्या कामावरचा निबंध एका परदेशी नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. काम समजायला सोपं होतं, मला उशिरा समजलं. चिलटाच्या लाल डोळ्याच्या जनुकाशेजारी तिने तो गप्प करणारा तुकडा बसवून घेतला होता. त्या चिलटांचे डोळे लाल न होता फिक्कट, ठिपकेदार केशरी व्हायचे. मग दुसऱ्या एका वाणात, त्याच जागी, तोच तुकडा, पण त्यातली डीएनएची चाळीस अक्षरं काढलेली. त्यांचे डोळे लालभडक. म्हणजे गप्प करण्याची सगळी करामत त्या चाळीस अक्षरांत. परीक्षकांनी एकच गोष्ट मागितली होती: दोन्ही वाण शेजारी ठेवून, कमी-जास्त तापमानाला वाढवून, डोळ्यांचे रंग पुन्हा मोजा. मुदत फेब्रुवारीअखेर. ते झालं की पुण्याच्या एका संस्थेत तिची जागा जवळपास पक्की होती. अण्णांना तिथे न्यायचं, हेही ठरलं होतं.

चिलटांची एक अडचण अशी की ती बियाण्यासारखी ठेवून देता येत नाहीत. दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या नळीत घालावी लागतात, नाहीतर वाण संपतो. फिक्या डोळ्यांच्या वाणाचे म्हणूनच तिने दोन ट्रे ठेवले होते, एक गेला तर दुसरा. बंगळुरूच्या ज्या माणसाने तो तुकडा बसवून दिला होता तो परदेशी गेला होता आणि त्याच्यामागे त्याच्या माश्या कुणी सांभाळल्या नव्हत्या. त्या वाणाचं जगात जे काही होतं ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर होतं.

जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा येतो. समितीचा अध्यक्ष मी. परिपत्रकात होतं, दर्शनी भागात मराठीचा वापर; मी दर्शनी भाग कपाटांच्या आतपर्यंत नेला. अनुया तासाला गेली असताना तिच्या खोलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या मराठीत केल्या. फिक्या डोळ्यांच्या त्या दोन ट्रेंवर इंग्रजीत 'कंट्रोल' लिहिलेलं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नियंत्रण १', 'नियंत्रण २'.

ती आली, वाचलं. "सर, हा तुलनेसाठी ठेवलेला संच आहे. तुलना लिहा."

"शब्दकोशात नियंत्रणच आहे."

तिचं पुढचं प्रात्यक्षिक सुरू होत होतं. "असू दे," ती म्हणाली.

पंधरवड्याचा समारोप सत्तावीस तारखेला होता. मांडवाचा खर्च एकच पडावा म्हणून त्याला आंबा बागायतदार मेळावा जोडला. अलिबागचा औषधविक्रेता विपुलभाई प्रायोजक. त्याचं म्हणणं, भाषणं कोण ऐकतो, काहीतरी करून दाखवा. जाळीच्या पेटीत माश्या सोडू, प्रमुख पाहुणे पंप मारतील, दहा सेकंदांत साफ. फक्त जानेवारीत आंब्यावर मोहोर असतो, फळच नसतं, तर फळमाशी कुठून आणायची?

प्राचार्य म्हणाले, "आपल्याकडे आहेत की. प्रकल्पच आहे."

दोन शिपाई वर गेले. रावजी असता तर त्यांना दारातच अडवलं असतं. त्याला फाटकावर लाल झेंडी देऊन गाड्या लावायला उभं केलं होतं. शिपायांना सांगितलं होतं, फळमाशी नियंत्रणासाठीच्या माश्या आणा. त्यांनी कपाट उघडलं, चिठ्ठ्या वाचल्या, आणि नियंत्रण एक आणि नियंत्रण दोन आणले. बाकी कशाला हात लावला नाही. मराठी चिठ्ठ्यांचा उपयोग झालेला माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतला हा पहिला प्रसंग.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. अनुया व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीत, सत्कारमूर्ती म्हणून, अण्णांनी नेसायला लावलेल्या आईच्या पैठणीत. शिपाई टेबलावरच्या जाळीत एकेक नळी उपडी करून ठोकत होते. कापसाचे बोळे खाली पडत होते. रावजी बोळ्यांसाठी जुन्या गादीचा पिवळट कापूस वापरायचा, म्हणून तिने ते लांबूनच ओळखले.

ती उठली. माझ्यापर्यंत चार पावलं होती. "सर, थांबवा त्यांना. ते माझे कंट्रोल आहेत. दोन्ही."

मला ऐकू आलं. कळलंही, तेव्हाच, पूर्ण. माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. पाहुण्यांनी पंपाचा दांडा धरला होता, फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसला होता. एक शब्द पुरला असता. पण सूत्रसंचालकाला एकच गोष्ट शिकवलेली असते, की कुणी भलत्या वेळी उठलं तर ते सांभाळून घ्यायचं.

"आणि या यशामागे ज्यांचे कष्ट आहेत," मी माइकमध्ये म्हणालो, "त्या अनुया मॅडम स्वतः उभ्या राहिल्या आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरोखर जोरदार झाल्या. दहा सेकंदही लागले नाहीत.

मांडव रिकामा झाल्यावर ती जाळीखालच्या पांढऱ्या कापडावर गुडघे टेकून बसली. शेजारी रावजी, अजून झेंडी काखेत. "हे औषध आधी पाडतं, मग मारतं," ती डब्यावरचं बारीक अक्षर वाचून म्हणाली. "एखादी उठेल. हलणारी दिसली की फक्त सांगा, हात लावू नका." मीही बसलो. मला कुणी बस म्हणालं नव्हतं, ऊठही म्हणालं नाही.

हिरामणशेठ पाहुण्यांना गाडीत बसवून आले. "मॅडम, काय झाला? रावजी बोलला तुमच्या खास माश्या व्हत्या. किती पायजेत सांगा. उद्या वाडीतून पिकल्या केल्यांचे घड आनतो, पोतं भरून माश्या देतो."

तिने वर पाहिलं नाही. "शेठ, तुमच्या एखाद्या ट्रेलरचा सायलेन्सर फाटलाय हे तुम्हाला कसं कळतं?"

"आवाजावरून."

"पण आवाज मोठा आहे हे कशावरून?"

"बाकीच्या सतरांचा ऐकलेला असतो ना."

"माझ्याकडे दोनच होते. फाटलेला वर आहे. चांगला होता तो हा."

शेठनी कापडाकडे पाहिलं. मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तेही उकिडवे बसले आणि चष्मा कपाळावर चढवून कापडावर बघायला लागले. चांगली पाच मिनिटं. त्यांच्याएवढं लक्ष देऊन आमच्यातलं कुणीच शोधत नसेल. मग फोन वाजला, पाहुणे गाडीतून बोलत होते आणि कार्यक्रमावर खूश होते. शेठ गुडघ्यावर हात टेकून उठले. जाता जाता मला हळूच म्हणाले, "सर, पेपरात बातमी देताना यातला काय नको."

तीन उठल्या. तिन्ही नर. तिने कुंचल्याने उचलून नव्या नळीत घातले, वर नेले. नरांवरूनही वाण परत उभा करता येतो, ती म्हणाली, माद्या दुसऱ्या वाणाच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या, चालतात. तिने माद्या दिल्या. रावजीने गूळ नेहमीपेक्षा जास्त घातला. ते शास्त्रात बसत नाही असं ती म्हणाली, पण नळी बदलली नाही.

एक नर रात्रीत गेला, दुसरा दुसऱ्या दिवशी दुपारी. तिसरा सहा दिवस राहिला. मी रोज मधल्या सुट्टीत वर जायचो. सूक्ष्मदर्शकातून तिने एकदा मला दाखवला: फिक्कट केशरी डोळे, ठिपक्या-ठिपक्यांचे, पुढच्या पायावर बारीक काळी फणी. तो मादीच्या मागे जाऊन एक पंख बाहेर काढून थरथरवत होता. "गाणं म्हणतोय," अनुया म्हणाली. "औषधाने पंख नीट हलत नाही त्याचा."

माद्यांनी अंडी घातली. चिलटाचं अंडं एका दिवसात फुटतं. आम्ही चार दिवस थांबलो. रावजीला भिंगाशिवायही दिसायचं, तो पाचव्या दिवशी म्हणाला, "कोरी हायत मॅडम. येक बी अळी न्हाय." तिने मान हलवली. तिला ते तिसऱ्या दिवशीच माहीत होतं.

नियतकालिकाला तिने दोन ओळी लिहिल्या. उत्तर तासाभरात आलं, अतिशय सभ्य. तुलनेच्या वाणाशिवाय निष्कर्षाला आधार राहत नाही, पुढील कार्यास शुभेच्छा. पुण्याहून उत्तर यायला आठवडा लागला, तेही सभ्यच होतं. दरम्यान आमच्या बातमीचं कात्रण प्राचार्यांनी वार्षिक अहवालात लावलं आणि शेठनी प्रकल्पाला दुसरं कपाट मंजूर केलं. त्यांना वाईट वाटलं होतं, म्हणूनच केलं. ते कपाट आलं तेव्हा आत नवं ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी वर गेलो तर ती लाल डोळ्यांचे ट्रे डीप फ्रीझरमध्ये ठेवत होती. नको असलेली चिलटं अशीच मारतात, थंडीने.

"ही तर चांगली आहेत," मी म्हणालो.

"लाल आहेत. पण कशापेक्षा लाल, ते आता सांगता येत नाही." तिने दुसरा ट्रे सरकवला. "दर दोन आठवड्यांनी नळ्या बदलायच्या, रावजींनी रांधायचं. कशासाठी?"

बोलायचं ते मी महिनाभर बाळगून होतो. "अनुया, त्या दिवशी तू उठलीस तेव्हा मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे सर. माइक चालू होता." तिने फ्रीझरचं झाकण लावलं, हात पुसले. "पहिल्या चार रांगांनाही ऐकू आलं. अण्णा सहाव्या रांगेत होते, त्यांनासुद्धा."

अण्णांनी काय केलं ते मी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं.

"टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय आणि ती लाजून थांबवा म्हणतेय."

घंटा झाली. तिचा अकरावीचा तास होता. हजेरीपट घेताना म्हणाली, "अर्धा तास झाकण उघडू देऊ नका कुणाला. मधेच गरम झालं तर काही उठतात."

मला तास नव्हता. मी फ्रीझरपाशी उभा राहिलो, पूर्ण अर्धा तास.